खून दिवाणजीनं केला हो

टेकचंद गुरुजींनी पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. आधी नाकाशी नेलं. पुढे गावात जी काही मजा झाली ती त्या एका हुंगण्यानं झाली, तेव्हा गोष्ट तिथूनच सुरू केलेली बरी.

रविवारची दुपार होती. ग्रामपंचायतीच्या शेजारच्या खोलीत गुरुजींचं वाचनालय भरायचं. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन बाकं आणि गुरुजी. कपाटाची किल्ली त्यांच्या बंडीच्या खिशात असायची. गुरुजी रिटायर झाल्यावर घरची धानाची शेती पाहायचे, आणि रविवारी दुपारी पोरापोरींना पुस्तकं वाटायचे. हे मान्य करायला हवं की नाकाडोंगरीपासून बपेऱ्यापर्यंतच्या गावांत शाळेबाहेरचं पुस्तक पोरांच्या हाती देणारा दुसरा माणूस नव्हता. "गाइड वाचून पास होता येतं, शहाणं होता येत नाही," असं ते म्हणायचे. दुर्गा सातवीत असताना पहिली कादंबरी तिला त्यांनीच दिली होती. आता ती अकरावीला होती, आणि कपाटातलं तिनं वाचलं नाही असं फारसं काही उरलं नव्हतं.

त्या रविवारी ती 'चिंचघाटचा खून'चा पहिला भाग परत करायला आली होती. दुसरा भाग नुकताच आलेला होता. दुर्गाचा सगळा जीव त्या दुसऱ्या भागात अडकलेला, कारण पहिला भाग अशा ठिकाणी संपत होता की वाचणाऱ्यानं जेवण सोडावं. मालगुजार बंद खोलीत मरून पडलेला आणि धाकट्या सुनेनं दाराच्या फटीतून खुन्याचा नुसता हात पाहिलेला. हात कुणाचा, दिवाणजीचा, वैद्यबुवाचा की आणखी कुणाचा, ते दुसऱ्या भागात. दुर्गा आठवडाभर घरात येणाऱ्याजाणाऱ्याचे हात पाहत होती.

गुरुजींनी पुस्तक हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मग शेजारी बसलेल्या गुड्डीपुढे धरलं.

"हुंग."

गुड्डी दुर्गाच्या वर्गातली, बालवाडीपासूनची मैत्रीण. दोघी एकाच सायकलवर डबलसीट कॉलेजात जायच्या. गुड्डीनं पुस्तक हुंगलं आणि फिसकन हसली. "मासोरी!"

मग काय, सगळी खोली हसली. पोट्टे तर बाकावर हात आपटून हसले.

"हसू नका," गुरुजी म्हणाले. ते वाचनालयात नेहमी छापील मराठीत बोलत. "पण दुर्गा, तूच सांग, असं पुस्तक दुसऱ्या पोरांनी कसं वाचायचं? आजपासून ढिवर मोहल्ल्यात पुस्तक जाणार नाही. तुला वाचायचंच असेल तर इथे पायरीवर बसून वाच. घरी न्यायचं नाही."

असं म्हणून त्यांनी पुस्तकाच्या पानांत एक डांबरगोळी घातली आणि ते वरच्या फळीवर लांब ठेवून दिलं.

दुर्गाला बोलायचं खूप होतं. आपण साबणानं हात धुतल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नाही. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो, पिशवी फळीवर ठेवतो. झिंगे वाळत घातलेले असतात तेव्हा पुस्तक घेऊन तलावाच्या पाळीवर दूर जाऊन बसतो. आणि तुमच्या घरच्या शकुंतलाबाईंनी कालच माझ्या मायकडून बोटऱ्या मासोळ्या घेतल्या, तुम्ही त्या चाटून पुसून खाल्ल्या असतील, तेव्हा नाही का आला वास? ताटातली मासोळी चालते आणि पुस्तकातली चालत नाही, हा कुठला न्याय? पण यातला एक शब्दही तोंडातून निघाला नाही. ती पायऱ्या उतरून चालायला लागली आणि मागे गुड्डीचं हसू पुन्हा ऐकू आलं.

घरी, मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यात, माय बायाबाई अंगणात झिंग्यांची सुपं उन्हात सरकवत होती. बाप धनीराम जाळं घेऊन तलावावर गेलेला. दुर्गानं झालेलं सगळं सांगितलं, रागानं, अर्धं रडत. मायनं ऐकून घेतलं आणि सूप सरकवत म्हणाली, "जाऊ दे. पुस्तकच ना."

गुरुजींच्या बोलण्यानं लागलं नव्हतं तितकं या चार शब्दांनी लागलं. मायला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. मायला सवय होती, आणि ती सवय पाहूनच दुर्गाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याचा वचपा काढायचा, तिनं ठरवलं. असा काढायचा की म्हाताऱ्याला जन्मभर आठवण राहिली पाहिजे.

मनात पहिल्यांदा आलं ते सोपं होतं. वाचनालयाच्या खिडकीतून सडके झिंगे आत टाकावेत, एकदाचं सगळंच कपाट घमघमू दे. पण त्यात पुस्तकांचा काय गुन्हा? पुस्तकांनी तिचं काहीच बिघडवलं नव्हतं. मग तिनं डोकं शांत केलं आणि दुसऱ्या बाजूनं विचार केला. गुरुजींना जगात सगळ्यात प्यारं काय? शेती नाही, पेन्शन नाही. नवं पुस्तक. नवं पुस्तक आलं की ते आधी स्वतः वाचत. "पोरांच्या हाती काय जातंय ते पाहायला नको?" असं कारण सांगत, पण खरं कारण त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. घरापुढच्या छपरीत खुर्ची टाकून, सुपारी कातरत, एकेक पान चाखत वाचायचे. महिना महिना पुरवायचे. आणि शेवट आधी कळणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. "शेवटचं पान आधी उघडणारा माणूस पेपर फोडणाऱ्यापेक्षा हलकट," हे त्यांचं वाक्य सगळ्या पोरांना पाठ होतं. एकदा गोलू नावाच्या पोट्ट्यानं वाचनालयात एका कादंबरीचा शेवट बडबडला, तर गुरुजींनी त्याला अख्खी दिवाळीची सुट्टी पुस्तकाला हात लावू दिला नव्हता.

आणि 'चिंचघाटचा खून'चा दुसरा भाग सध्या गुरुजींच्या छपरीतच होता.

दुर्गाला शेवट माहीत नव्हता. त्यानं काही अडत नव्हतं.

पुढच्या रविवारी बायाबाई मासोळ्यांचं टोपलं डोक्यावर घ्यायला वाकली, तर दुर्गानं ते आधीच उचललं होतं.

"आज मी नेतो टोपलं."

माय पाहतच राहिली. "तू? कायले? तुह्या डोक्यावर टोपलं नाही येऊ देईन म्हणून मी इतके वर्ष उन्हात फिरली ना वो. तू आपली शाळा पाह्य."

"आज रविवार आहे. शाळा नाही."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. त्याईले ऐकवाचंच आहे मले," दुर्गा म्हणाली. मायला त्यातलं काही कळलं नाही, पण पोरीचा चेहरा पाहून ती बाजूला झाली.

मासोळी विकणाऱ्या बाईची हाक असते. मायची हाक अख्ख्या गावाला ओळखीची होती. शेवटचा शब्द ती असा ओढायची की चुलीपुढची बाई झारा हातात धरून बाहेर यावी. दुर्गा लहानपणापासून ती हाक ऐकत आलेली. तिनं तीच चाल घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज लावला:

"मासोऱ्या घ्या वो बाईऽऽ! बोटऱ्या घ्या, झिंगे घ्याऽऽ! चिंचघाटचा खून दिवाणजीनं केला होऽऽ!"

छपरीत गुरुजींचं डोकं ताडकन वर झालं. चष्मा नाकावरून घसरला. मांडीवर पुस्तक उघडं, एका हातात अडकित्ता. दुर्गानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फाटकासमोर उभी राहून तिनं पुन्हा एकदा, अगदी सावकाश, दिवाणजीचं नाव ओढून घेतलं.

शकुंतलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. गुरुजींची बायको जाड, हसरी, मोकळ्या तोंडाची बाई होती. "आज बायाबाई नाही आली का वो? आणि हे खुनाचं काय सांगून राहिली?"

"काही नाही काकू. ताजी खबर आहे. बोटऱ्या देऊ का?"

बोटऱ्या देऊन ती पुढे गेली. मागे वळून पाहिलं नाही, पण अडकित्ता जमिनीवर पडल्याचा आवाज ऐकला, आणि त्या आवाजानं तिला आठवडाभर पोट भरल्यासारखं वाटलं.

पुढच्या खेपेला शकुंतलाबाईंनीच तिला बातमी पुरवली. "काय केलं वो तू आमच्या म्हाताऱ्यावर? जेवता जेवता दिवाणजीले शिव्या देते. म्हणते, माणूस चांगला वाटून राहिला होता. आता त्याचा एक शब्द मले खरा वाटत नाही म्हणते."

"अस्सं?" दुर्गा म्हणाली, आणि गल्लीच्या मधोमध जाऊन आवाज लावला: "मासोऱ्या घ्या वो बाईऽऽ! चिंचघाटचा खून धाकट्या सुनेनं केला होऽऽ!"

छपरीतून गुरुजी उठून उभेच राहिले. एक वेळ दिवाणजी चालला असता. पण धाकटी सून? जिनं फटीतून हात पाहिला ती? मग तो हात कुणाचा? की ती खोटं बोलली? दुर्गाला त्यांच्या कपाळावर हे सगळे प्रश्न वाचता येत होते, कारण तेच प्रश्न तिच्याही डोक्यात होते.

त्यानंतर वैद्यबुवा. मग पुन्हा दिवाणजी. कधी कॉलेजातून येऊन संध्याकाळी, कधी सुट्टीच्या सकाळी, ती टोपलं घेऊन निघायची. गुरुजींनी कानात कापूस घातला. खुर्ची उचलून घराच्या मागे नेली, तर दुर्गानं विहिरीच्या वाटेनं फेरी सुरू केली. हळूहळू गल्लीलाही चटक लागली. बाया सूप हातात घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आज कोणी केला वो खून?" ज्यांनी जन्मात पुस्तक हातात धरलं नव्हतं त्याही भांडायला लागल्या. एक म्हणे सूनच असणार, सासरा होताच तसा. दुसरी म्हणे वैद्याच्या हातात औषध असते, त्यालाच सोपं. गुरुजी कुठंही गेले तरी कुणीतरी विचारायचंच, "का गुरुजी, सापडला का खुनी?"

आता म्हणाल, गुरुजींनी सरळ शेवटचं पान का पाहिलं नाही? तिथेच तर दुर्गाचा डाव होता. पाहिलं असतं तर त्यांचा जन्मभराचा नेम मोडला असता. नाही पाहिलं तर तीन तीन खुनी डोक्यात घेऊन एकेक पान वाचायचं. पळायला वाट ठेवलीच नव्हती तिनं.

पण सूड घेताना आपलंही काही जातं, ते दुर्गाला हळूहळू कळायला लागलं. ती नावं हवेत फेकत होती, आणि मनात भीती वाढत होती की त्यांतलं एखादं खरं निघालं तर? मग तो दुसरा भाग तिच्यासाठीही मेला. तिला अजून तो वाचायचा होता. फार वाचायचा होता. जेवताना, सायकल चालवताना, वर्गात गणित चालू असताना तो फटीतला हात तिच्या डोळ्यांसमोर यायचा. गुरुजींचा छळ करताना तिला कधी कधी त्यांचा हेवाही वाटायचा, कारण पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं आणि तिच्या डोक्यावर टोपलं होतं.

एका दुपारी गुड्डी तलावाच्या पाळीवर आली. त्या हुंगण्यानंतर दोघी बोलल्या नव्हत्या. दुर्गा बसनं जायची, गुड्डी एकटी सायकलवर. गुड्डी थोडी चुळबुळली आणि म्हणाली, "दुर्गे, मले तरी सांग ना. खरं कोणतं? गुरुजी अजून कोणाले पुस्तक देऊन नाही राहिले."

दुर्गानं पायाशी पडलेली एक बोटरी उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"हुंगून पाह्य. समजून जाईन."

गुड्डीचे डोळे भरून आले आणि ती निघून गेली. दुर्गाला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, पण बरं जास्त वाटलं, खोटं कशाला बोला.

धानाची मळणी आटोपून लोक जरा मोकळे झाले होते, त्या रविवारी सकाळी गुरुजींचा धीर सुटला. दुर्गा फाटकासमोर टोपलं उतरवून शकुंतलाबाईंना मरळ साफ करून देत होती. खवले उडत होते. आज अजून तिनं खुनाची हाक दिली नव्हती, आणि बहुतेक तेच त्यांना सहन झालं नसावं. गुरुजी पुस्तक घेऊन तरातरा बाहेर आले. पानांमध्ये खुणेला बोट घातलेलं. दारादारांत बाया होत्या, पोट्टे होते, गुड्डीही समोरच्या ओट्यावर होती.

"एक खून तीन माणसं कशी करतील?" गुरुजी ओरडले. "कुठे वाचलंस तू? हे पुस्तक गावात एकच आहे!"

"मी कायले सांगू?"

"खोटं बोलतेस तू! तुला काही माहीत नाही!"

"पुस्तक तर तुमच्याच हातात आहे गुरुजी," दुर्गा खवले काढत म्हणाली. "शेवटचं पान काढून पाहून घ्या. दूध का दूध होऊन जाईन."

"मी शेवटचं पान आधी पाहत नाही!"

"मालूम आहे मले."

गल्ली हसली. गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला, आणि त्यांची छापील मराठी गळून पडली. "मले शिकवून राहिली का तू? मले? घे! घे हे पुस्तक! तूच काढ शेवटचं पान अना वाच सगळ्याईपुढं! कोठं आहे तुहा दिवाणजी, दाखव!"

आणि त्यांनी पुस्तक तिच्या अंगावर ढकललं. दुर्गानं ते दोन्ही हातांनी झेललं.

हात मासोळीनं माखलेले, मनगटापर्यंत खवले. हातात दुसरा भाग. नवा कोरा, जाडजूड. एक पान उलटलं की हात कुणाचा ते कळत होतं. तिनं पान उलटलं नाही. गुरुजींनी शिकवलं होतं तसं, शेवटचं पान आधी उघडायचं नसतं. तिनं पुस्तक नाकाशी नेलं, डोळे मिटून मोठा श्वास घेतला, आणि मग समोरच्या ओट्यापुढे जाऊन ते गुड्डीसमोर धरलं.

"हुंग."

गुड्डी गुरुजींकडे पाहत राहिली. मग वाकली, हुंगलं, आणि खाली मान घालून हळूच म्हणाली, "मासोरी."

"वास लागला गुरुजी," दुर्गा म्हणाली. यावेळी शब्द अडला नाही. आवाज तिच्या हाकेइतकाच स्वच्छ निघाला. "आता दुसऱ्या पोराईनं कसं वाचाचं? हे काही तुमच्या कपाटात ठेवता येत नाही."

गुरुजींनी हात पुढे केला. "दे इकडे."

"घ्या ना. पण घेतलं तर मंग सांगा सगळ्याईले, हे चालते अना माह्या घरून आलेलं काहून चालत नाही?"

हात तसाच हवेत राहिला. बोलल्या त्या शकुंतलाबाई. "अवो, घेऊन टाका ना गुपचूप! काल बोटरीचा रस्सा खाऊन तसेच पुस्तक धरून बसले होते. मी पाहिलं नाही का?"

गल्ली खदाखदा हसली. म्हातारे हसले, सुपं हातात धरलेल्या बाया हसल्या, पोट्टे तर ओट्यावरून खाली लोळले. गुरुजींनी हात मागे घेतला, आणि वळून घरात गेले. दुर्गानं मरळ कापून दिली, पुस्तक टोपल्यात झिंग्यांच्या शेजारी ठेवलं, आणि टोपलं डोक्यावर घेऊन घरी आली.

त्या दिवशी तिनं पाळीवरच्या मासेमारीच्या पालथ्या डोंग्यावर बसून पुस्तक सुरू केलं, ते पहिल्या पानापासून. हात धुतले नाहीत. पानांच्या बेचक्यात सुपारीचा भुगा अडकलेला होता. शेवटाकडे येता येता एका पानानंतर भुगा थांबला आणि पुढची पानं स्वच्छ लागली. दुर्गा थबकली. मग तिला इतकं हसू आलं की डोंग्यावरून पडायचीच बाकी राहिली. म्हाताऱ्यानं इथपर्यंतच वाचलं होतं. हात कुणाचा ते त्याला कळलंच नव्हतं. आता ते अख्ख्या गावात एकट्या दुर्गाला कळणार होतं.

आणि कळलं. तिनं फेकलेल्या तिन्ही नावांतलं एकही खरं नव्हतं. ती एकटीच डोंग्यावर उभी राहून ओरडली, इतकं ते भारी होतं. कोण निघालं ते इथे सांगणार नाही. एखाद्याला वाचायचं असेल.

पुढच्या रविवारी तिची हाक गल्लीत आली: "मासोऱ्या घ्या वो बाईऽऽ! बोटऱ्या घ्या, झिंगे घ्याऽऽ!" आणि तिथेच थांबली.

बाया वाट पाहत राहिल्या. "अन् खून? आज कोणी नाही केला का?" दुर्गानं नुसती मान हलवली. फाटकाशी गुरुजी उभे होते. दाढी वाढलेली, हातात अडकित्ता नाही, काही नाही.

"आज... काही नाही?" त्यांनी विचारलं.

"झिंगे आहेत," दुर्गा म्हणाली आणि पुढे गेली.

त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. नाव फेकण्यापेक्षा ही चुप्पी जास्त झोंबते, हे तिला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि तिला ते आवडत होतं. वाचनालय उघडत होतं, पण गुरुजींचं लक्ष नसतं, असं पोट्टे सांगत. पुस्तक दे म्हटलं तर भलतंच काढून देतात.

मग एका दुपारी गुरुजी ढिवर मोहल्ल्यात आले. पेटीतला, डांबरगोळीचा वास येणारा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. इतक्या वर्षांत मारुतीच्या देवळाच्या पुढे त्यांचं पाऊल या बाजूला पडलं नव्हतं. बायाबाई गडबडून उठली, पदर घेतला, चटई झटकायला लागली. "या ना गुरुजी, या. पोरीचं काही चुकलं असन तर..."

"ते पुस्तक," गुरुजी दुर्गाला म्हणाले.

"आहे."

"दे. थोडंच राहिलंय. वाचून उद्या आणून देतो."

दुर्गानं घरात जाऊन पुस्तक आणलं. दिलं मात्र नाही. छातीशी धरून उभी राहिली.

"घरी न्यायचं नाही गुरुजी. पायरीवर बसून वाचा."

"दुर्गे!" माय ओरडली. "तोंड सांभार आपलं!"

गुरुजी वळले आणि चालायला लागले. रस्त्यावरच्या कडुनिंबापर्यंत गेले. तिथे थांबले. मोहल्ल्यातली पोरं, जाळं शिवत बसलेली माणसं, सगळी पाहत होती. दुर्गाही पाहत होती, आणि तिच्या मनात आलं, गेले तर गेले, आपलं काय जातं. पण तिला ठाऊक होतं की ते जाणार नाहीत. ज्याला असं पुस्तक लागलं तो जात नाही. ती स्वतः गेली नसती.

गुरुजी परत आले. टोपी काढली, आणि पायरीवर बसले.

चारी बाजूंनी झिंग्यांची सुपं उन्हात वाळत होती. माशा घोंघावत होत्या. गुरुजींनी आपलं पान शोधलं आणि वाचायला लागले. दुर्गा समोर मासोळ्या साफ करत बसली. तिला त्यांचा चेहरा दिसत होता. भुवया कधी वर जात, कधी ओठ हलत. आता सून विहिरीशी गेली असेल. आता दिवाणजी खोटी साक्ष देत असेल. मग गुरुजींनी मागचं पान उलटून पुन्हा पाहिलं आणि कपाळावर हात मारला, तेव्हा दुर्गाला कळलं की तो हात आला. तिलाही अगदी तिथेच कपाळावर हात मारावासा वाटला होता.

गुरुजींनी पुस्तक मिटलं.

"मला तर वैद्यावरच संशय होता," ते म्हणाले. दुर्गाला नाही, कुणालाच नाही, नुसतंच.

'मले बी,' दुर्गाच्या जिभेच्या टोकावर आलं. गावात हे बोलायला दुसरं माणूस नव्हतं. बोलावं असं तिला फार वाटलं, आणि तिनं ते गिळून टाकलं.

"रविवारी ये," गुरुजी उठत म्हणाले. "मोहल्ल्यातल्या पोरापोरींनाही आण. ज्याला जे पाहिजे ते घरी न्या."

आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. दुर्गानं वाट पाहिली, पण ते म्हणाले नाहीतच. त्यांनी पुस्तक पुढे केलं. दुर्गानं ते घेतलं, आणि मोहल्ला पाहत असताना, माय पाहत असताना, सावकाश नाकाशी नेलं.

"डांबरगोळीचा वास येते याले," ती म्हणाली. "आमच्या पोराईनं कसं वाचाचं?"

आणि तिनं पुस्तक उघडं करून झिंग्यांच्या सुपावर उन्हात पालथं घातलं. "राहू द्या दोन दिवस. वास गेला का तुमच्या कपाटात आणून देतो."

गुरुजींनी टोपी घातली आणि निघाले. कडुनिंबापाशी पोचल्यावर त्यांनी आपली बोटं हळूच नाकाशी नेली, आणि मागे मोहल्ल्यातली सगळी पोरं हसली.